कंपोझिट भरायला शिकताना

दंतवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षी फँटम हेडवरील, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यातील, दातांत कंपोझिट (किडलेल्या दातात भरायचे दाताच्या रंगाचे साहित्य) भरणे मला फारच सोपे वाटले होते. त्या दातांना लाळ सुटत नाही, हे तेव्हा ध्यानात आले नाही. पुढे इंटर्नशिपमध्ये एका आजोबांच्या खालच्या दाढेत मी भरलेले कंपोझिट पंधरा दिवसांतच निघाले. मी साहित्याला दोष देऊ लागले, तेव्हा मॅडमनी एवढेच विचारले, “रबर डॅम लावला होतास का?” दाताला लाळेपासून वेगळे ठेवणारा तो रबरी पडदा न लावता मी कापसाच्या बोळ्यांवर भागवले होते.

अमाल्गम, म्हणजे रुग्ण जिला चांदी म्हणतात ती, पोकळीच्या आकारामुळे अडकून राहते. कंपोझिटची भिस्त मात्र चिकटण्यावर असते. आम्लाने खडबडीत केलेल्या इनॅमलला, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थराला, रेझिन (कंपोझिटमध्येही असते ते राळेसारखे द्रव्य) घट्ट धरते, हे मायकेल ब्युओनोकोर यांनी 1955 मध्ये दाखवले. आज त्यासाठी साधारण 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिडचे जेल वापरतात. धुऊन वाळवलेले इनॅमल खडूसारखे पांढरे दिसले पाहिजे, आणि त्यानंतर लाळेचा थेंब जरी लागला तरी संकोच न करता पुन्हा एच करावे, म्हणजे जेल लावावे. इनॅमलखालच्या डेंटिनचे मात्र उलटे आहे. ते हवेच्या झोताने ठणठणीत कोरडे केले, तर त्यातील कोलॅजन तंतूंचे जाळे खाली बसते, बाँडिंग एजंट (चिकटवणारे द्रव) आत शिरत नाही आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी थंड पाण्याने कळ येते म्हणून परत येतो.

दुसरी घाई लाइटची, म्हणजे कंपोझिट घट्ट करणाऱ्या दिव्याची. नेहमीचे कंपोझिट दोन मिलिमीटरपेक्षा जाड थरात भरू नये, कारण निळा प्रकाश खोलवर पोचेपर्यंत क्षीण होतो. खात्री हवी असेल, तर एक पातळ आणि एक जाड गोळा सारखाच वेळ क्युअर करून, म्हणजे प्रकाशाने घट्ट करून, त्यांचा तळ प्रोबने खरवडून पाहावा. जाड गोळ्याचा मऊ तळ पाहिल्यावर मी तरी पुन्हा घाई केली नाही. लाइटच्या टोकावर वाळून बसलेले कंपोझिटही प्रकाश अडवते, आणि ते पुसण्याची आठवण कोणाला होत नाही.

रंगाची निवड रबर डॅम लावण्यापूर्वीच करावी, कारण वाळलेला दात अधिक पांढरा दिसतो. तात्पुरते सिमेंट काढताना लवंगेचा वास आला, तर त्यात युजेनॉल आहे असे समजावे. ते रेझिनच्या घट्ट होण्यात अडथळा आणते, म्हणून अशी पोकळी मी कणभरही अवशेष न ठेवता स्वच्छ करते आणि मगच जेलला हात लावते.