हॉटेलचं नूतनीकरण करताय? ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत या चुका टाळा

नव्याने सजवलेल्या छोट्या आलिशान हॉटेलची खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते. मे महिन्यात देखण्या दिसणाऱ्या खोलीत ऑगस्टमध्ये शिरताच कुबट वास येतो, पलंगामागच्या वॉलपेपरवर काळे ठिपके उमटतात, वॉर्डरोबचं दार फुगून घासायला लागतं. दोष रंगारी किंवा सुताराच्या माथी जातो. बहुतेक वेळा चूक कामाच्या क्रमात असते. पाणी आणि हवा यांचा बंदोबस्त होण्याआधीच सजावट चढवलेली असते.

वॉलपेपरमागची बुरशी

बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, साधारण २६ अंशांवर असतो. आत एसी २२ वर चालू. म्हणजे बाहेरची हवा जिथून आत झिरपते आणि थंड भिंतीला लागते, तिथे तिचं पाणी होणारच. त्या भिंतीवर व्हिनाइल वॉलपेपर असेल, तर ओलावा खोलीत येऊन सुकू शकत नाही. तो कागदामागे कोंडतो आणि वॉलपेपरचा गोंद बुरशीचं खाद्य होतो. म्हणून बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजूला व्हिनाइल लावूच नका. तिथे चुन्याचा गिलावा किंवा वाफ आरपार जाऊ देणारा रंग द्या, वॉलपेपर दोन खोल्यांमधल्या भिंतींसाठी ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून वॉर्डरोब असेल तर मागे किमान २५ मिमी फट सोडा. आधी बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा आणि खिडकीच्या चौकटीभोवतीचे सांधे भरून घ्या, नाहीतर आतली सगळी मेहनत वाया जाईल.

हवेचं दुसरं दुखणं बाथरूमच्या एक्झॉस्टपासून सुरू होतं. पंखा दिवसभर हवा बाहेर फेकतो, पण तेवढी हवा आत पुरवायची सोय नसते. मग खोली खिडकीच्या फटींतून, डक्टमधून, फॉल्स सीलिंगच्या पोकळीतून दमट हवा ओढून घेते. तपासणी सोपी आहे: दारं-खिडक्या बंद करा, एक्झॉस्ट चालू ठेवा आणि खिडकीच्या सांध्याशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ढकलला जात असेल, तर बाहेरची हवा तिथून येते आहे. ताजी हवा थंड करून, ओलावा काढून आत सोडावी लागते आणि तिचं प्रमाण एक्झॉस्टपेक्षा थोडं जास्तच हवं.

गरजेपेक्षा मोठा एसी बसवणं ही इथली फार सर्रास होणारी चूक. लहान खोलीत तो पटकन गारवा करून थांबतो आणि ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही. हात लावाल तर चादर गार आणि ओलसर. आर्द्रतामापक लावून बघा, आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहायला हवा. की-कार्ड काढताच एसीसकट सगळं बंद होईल अशी वायरिंगही करू नका. जुलैत चार दिवस रिकामी राहिलेली खोली गादीपासून पडद्यापर्यंत सगळीकडे वास धरते. एसीची लाइन वेगळी ठेवा, म्हणजे हाउसकीपिंगला रिकाम्या खोलीतही तो ठरावीक वेळ ड्राय मोडवर चालवता येतो.

बाथरूम

जुन्या इमारतीत टाइलवर टाइल बसवून वेळ वाचवायचा मोह होतो. खालचा कोबा (टाइलखालचा भराव) आधीच पाणी प्यायलेला असेल, तर गळती तशीच राहते आणि दार तासावं लागतं ते वेगळंच. कोबा काढा, पाइप बदला, नहाणी ट्रॅपभोवतीचा (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालचा) सांधा नीट भरा. वॉटरप्रूफिंग भिंतीवर किमान ३०० मिमी चढवा, शॉवरच्या भागात १८०० मिमीपर्यंत. टाइल लावण्यापूर्वी ७२ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावरून छत पाहा. शॉवरच्या जागी दर मीटरला सुमारे १२ मिमी उतार द्या. डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे हे ठरवणारा भिंतीतला व्हॉल्व्ह, किती खोल बसवायचा ते तयार टाइलच्या पृष्ठभागापासून मोजा. उघड्या भिंतीपासून मोजली की तो आत खोल जातो आणि वरची प्लेट बसत नाही. भिंत बुजवण्याआधी प्रत्येक पाइपचा फोटो मोजपट्टी लावून काढून ठेवा.

शॉवरखाली इटालियन मार्बल नको. खालून ओल मिळाली की त्यातल्या लोहामुळे पिवळे डाग येतात आणि आम्लयुक्त क्लीनरचा एक थेंबही चकाकी खातो. तो काउंटरमागे किंवा लॉबीत शोभतो. ओल्या जागी खडबडीत पोताच्या व्हिट्रिफाइड टाइल आणि सांध्यांना इपॉक्सी ग्राउट.

लाकूड, धातू, प्रकाश

प्लायवर आयएस ७१०चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का असला तरी कापलेल्या कडा उघड्या राहिल्या तर फुगतातच, म्हणून त्या सील करा. दाराच्या एकाच बाजूला लॅमिनेट लावलं की ते वाकतं, मागच्या बाजूलाही तितक्याच जाडीचा थर हवा. भर पावसात पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारलं की पांढरट पडतं. वेळापत्रकात पॉलिश पावसाळ्याबाहेर ठेवा किंवा एसी चालू ठेवून मारा. वाशी, ऐरोली, कोलशेतसारख्या खाडीकाठच्या भागात बाहेरचे कठडे आणि बिजागऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या घ्या, ३०४ वर गंजाचे डाग लवकर दिसतात.

दिवे २७०० ते ३००० केल्विनचे (उबदार पिवळसर प्रकाशाचे), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९०च्या वर, आणि सगळ्या खोल्यांसाठी एकाच बॅचचे. दिवे लुकलुकत असतील तर आधी डिमर आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) एकमेकांशी जुळतात का ते तपासा. ड्रायव्हर बंद छतात गाडू नका, हात पोचेल असं झाकण ठेवा.

भिंतींवर वारली चित्रं लावण्याची इथे आवड आहे, ठाणे-पालघरचीच ती कला. मात्र लग्नाच्या चौकातली पालघाट देवी शौचालयाच्या भिंतीवर छापून चिकटवू नका. तो चौक सवाशिणी काढतात, पूजेसाठी. वारली कलाकाराकडूनच काम करून घ्या आणि कुठलं चित्र कुठे लावायचं हे त्यालाच विचारा.

आवाज आणि आग

दोन खोल्यांमधली जिप्समची भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबवली की शेजारच्यांचं बोलणं छतातून येतं. ती स्लॅबपर्यंत न्या, आत ५० मिमी रॉकवूल भरा आणि दोन्ही बाजूंचे स्विचबॉक्स समोरासमोर ठेवू नका.

छुप्या स्प्रिंकलरच्या झाकणावर रंग मारणं धोकादायक आहे. ते उष्णतेने गळून पडायला हवं, रंगाने ते चिकटून बसतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यावं लागतं. त्या एजन्सीला सीलिंगचा नकाशा कामाआधी दाखवा, कारण पार्टिशन हललं की स्प्रिंकलर आणि डिटेक्टरच्या जागाही बदलतात.

बाकी खोल्यांची ऑर्डर देण्याआधी एक खोली पूर्ण करा, शक्यतो पावसात. तिथे दोन रात्री मुक्काम करा: एसी, गरम पाणी, सगळे दिवे चालू. पलंगावर पडून उशाशी मोबाइल चार्जिंगला लावता येतो का, पडद्याच्या कडेने पहाटेचा उजेड येतो का, ड्रेनचा वास येतो का, हे लिहून काढा. टाइल मागवताना ५ टक्के जास्त मागवा, बॅच नंबर लिहून उरलेल्या जपून ठेवा. वर्षभरानंतर एखादी फुटली तर त्याच छटेची पुन्हा मिळणं कठीण असतं.