लाल बावट्याखाली जाण्याआधी

मावसभावाचा पोरगा परवा म्हणाला, "काका, कुठल्यातरी डाव्या संघटनेत जायचं म्हणतोय. कुठं जाऊ?" मी त्याला नाव सांगितलं नाही, काय काय बघायचं ते सांगितलं. तेच इथे, आपल्या बेळगाव सीमाभागातल्या, म्हणजे कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसांसाठी लिहितो. मी स्वतः हे काम एकदा बिघडवून बसलोय, तेव्हा जिथे हात पोळला तिथे जास्त वेळ थांबणार.

वाचनाचं सोडून द्या. मार्क्स किती वाचलाय ते शाखेत कोणी विचारत नाही, आणि नंतर अभ्यासवर्गात वाचून घेतातच. आधार कार्ड, फोटो, हेही सांगायला नको.

सरकारी नोकरीत असाल तर मात्र इथेच थांबा. सेवा नियमांप्रमाणे सरकारी नोकराला राजकीय पक्षाचं सभासद होता येत नाही. कर्मचाऱ्यांची युनियन ही वेगळी गोष्ट. आमच्याकडे दोन्हींचा घोळ घालणारे पुष्कळ आहेत.

मग नावं नीट समजून घ्या, कारण सगळी सारखीच वाटतात. १९२५ चा भाकप, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्ष. १९६४ मध्ये त्यातून फुटून निघालेला माकप, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष. १९६९ मध्ये नक्षलबारीच्या उठावानंतर उभा राहिलेला भाकप (माले), माले म्हणजे मार्क्सवादी-लेनिनवादी, ज्याचे पुढे इतके तुकडे झाले की कंसातला शब्द वाचल्याशिवाय आपण कोणाशी बोलतोय ते कळत नाही. एसयूसीआय (कम्युनिस्ट), म्हणजे सोशालिस्ट युनिटी सेंटर ऑफ इंडिया, कर्नाटकात बऱ्यापैकी दिसतो, विशेषतः कॉलेजच्या पोरांत. शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, मूळचा महाराष्ट्रातला, पण त्याचे नेते एन. डी. पाटील सीमाप्रश्नासाठी शेवटपर्यंत झटले, म्हणून आमच्या थोरल्यांना तो घरचाच वाटतो. भाकप (माओवादी) या सगळ्यांहून वेगळा, आणि त्यावर बंदी आहे. नावातल्या साम्यामुळे नसती भानगड नको. आणि लाल दिसलं की डावं, असं नाही. निपाणीचं तंबाखू आंदोलन केलं त्या शेतकरी संघटनेचा बिल्लाही लालच होता. १९८१ मध्ये गोळीबार झाला ते आंदोलन. पण तिचे नेते शरद जोशी खुल्या बाजाराची बाजू मांडणारे. लाल बिल्ल्यावरून भुलून चालत नाही.

पक्ष आणि जनसंघटना यांतही फरक करा. आयटक, सिटू या युनियन. किसान सभा, विद्यार्थी संघटना, महिला संघटना या आणखी वेगळ्या. युनियनमध्ये पावती फाडली की झालात सभासद. पक्षात तसं नसतं. माकपमध्ये दोन सभासदांनी शिफारस करावी लागते, मग वर्षभर उमेदवार सभासद, मग पुढचं. माझं मत विचाराल तर आधी जनसंघटनेत वर्षभर फिरा. उद्यमबागेत कामाला असाल तर कामगारांची युनियन, वडगाव-खासबागला माग असेल तर विणकरांची, निपाणीत आई विडी वळत असेल तर विडी कामगारांची. स्वतःच्या पोटाचा प्रश्न जिथे बोलला जातो तिथे ढोंग लवकर उघडं पडतं, त्यांचं आणि आपलंही.

आता माझी चूक. मीटिंग कुठल्या भाषेत चालते ते विचारा. फॉर्म भरण्याआधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

मला वाटायचं, मला कन्नड येतं. बाजारात येतं, बसमध्ये येतं, कारखान्यात स्टोअर्सला होतो तिथे ड्रायव्हरांशी दिवसभर कन्नडच. शाखेत गेल्यावर कळलं की "हेंग इद्दीरी" (कसे आहात) येणं वेगळं आणि ठरावाचं कन्नड कळणं वेगळं. "मुष्कर" म्हणजे संप, हे मला तिसऱ्या मीटिंगला समजलं. "आग्रह" म्हणजे मागणी. मी आपला जेवणाच्या आग्रहासारखा काहीतरी अर्थ लावून बसलेला. वरून येणारी परिपत्रकं बेंगळुरूहून, अर्थातच कन्नडमध्ये. माकपचंच घ्या, महाराष्ट्रात त्यांचं साप्ताहिक जीवनमार्ग, कर्नाटकात जनशक्ती. तुम्ही खानापूरला राहता, तर तुमच्या शाखेत येणार ते कन्नडच. सीमेपलीकडे चंदगडला मराठीत बोलणारे कॉम्रेड भेटतात म्हणून त्यांच्या भरवशावर नाव घालू नका. शाखा तुम्ही राहता-कमावता तिथली, आणि तिची वरची कमिटी कर्नाटकातली. हा साधा हिशोब मी केला नव्हता.

तर दीड वर्ष मी मान डोलावली. लोक चांगले होते, चहा चांगला होता, मोर्चे खरे होते. एका मीटिंगला लांबलचक ठराव वाचला गेला, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. पंधरा दिवसांनी तो छापून आला, खाली शाखेतल्या सगळ्यांची नावं. त्यात एक परिच्छेद सीमाप्रश्नावर होता, की हा वाद आता संपला आहे असं मानून पुढे जावं. गावाकडे आमचे चुलते दर १७ जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, हुतात्मा चौकात जाणारे. त्यांनी कोणाकडून तरी तो कागद वाचून घेतला आणि मला एवढंच विचारलं, "ह्यात तुझं नाव हाय न्हवं?" हो म्हणालो. मला तो परिच्छेद पटला होता का? नाही. पटला नव्हता का? तेही नाही सांगता येत. मला कळलाच नव्हता. त्या लोकांनी काही लपवलं नव्हतं, मोठ्याने वाचलं होतं. मी विचारलं नाही, त्याला ते काय करणार?

म्हणून पुन्हा सांगतो, भाषा विचारा. नुसतं विचारू नका, एक साधी, रटाळ मीटिंग पूर्ण बसून ऐका. जाहीर सभा नव्हे, तिथे सगळे सगळ्या भाषांत बोलतात. ठराव मराठीत समजावून मिळेल का, आणि मत द्यायच्या आधी मिळेल का, हे तोंडावर विचारा. "हळूहळू येईल की" हे उत्तर चालणार नाही. मला तेच मिळालं होतं. कन्नड शिकायची तयारी असेल तर उत्तमच, शिका, मी आता शिकतोय. पण शिकून होईपर्यंत हात वर करू नका.

याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न: सीमाप्रश्नावर तुमची भूमिका काय? लाजू नका. १९५६ च्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट होते, आणि कर्नाटक एकीकरणाच्या बाजूलाही कम्युनिस्ट होतेच. भाषावार प्रांत हवा हे दोघांचंही म्हणणं, फक्त बेळगाव दोघांच्याही नकाशात. तेव्हा विषय काढला म्हणून कोणी तुम्हाला जातीयवादी म्हटलं तर त्याला इतिहास माहीत नाही. उत्तर काहीही असो, "जनता ठरवेल" असलं नको. तुम्हाला ते पटलं पाहिजे असंही नाही; ठराव झाल्यावर बाहेर एकच भूमिका मांडायची, अशी शिस्त या पक्षांत असते, तेवढी पाळता येणार आहे का ते स्वतःशी ठरवा. ठराव कळण्यासाठी भाषा लागते हे सांगून झालंय.

बघायला जायची उत्तम वेळ हिवाळी अधिवेशनाची. बेळगावजवळ हलग्याला सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत आहे (२०१२ पासून), अधिवेशन बहुधा डिसेंबरात. तिथे बाहेर अंगणवाडी सेविका, आशा, माध्यान्ह आहारवाल्या बायका, ऊस शेतकरी, सगळे येतात. दोन दिवस रजा टाका आणि नुसतं फिरा. पत्रकं गोळा करा. उन्हात बसलेल्या बायकांजवळ कोणाचे पुढारी बसलेत आणि कोणाचे कॅमेरा आला की उभे राहतात, ते दिसेल. पत्रकाच्या मागच्या बाजूला मराठी आहे का तेही बघून ठेवा. माईकवरून मराठीत कोणी बोलतं का, तेही. तिथल्या कितीतरी बायका खानापूर, निपाणीकडच्या, त्यांच्याशी मराठीत बोला आणि विचारा: तुमच्या मीटिंगमध्ये तुम्हाला कळतं का? मला एका बाईंनी सांगितलं, आमच्या बाई दोन्हीत सांगतात. असली शाखा सोडू नका.

पैशाचं थोडक्यात. सभासद शुल्क किरकोळ असतं. पक्षात उत्पन्नावर लेव्ही, म्हणजे कमाईच्या हिशोबाने वर्गणी असते, ती किती ते आधी विचारा आणि घरी सांगा. निधीचं पुस्तक हातात दिलं तर किती पावत्या आणि कधीपर्यंत, ते लिहून घ्या.

बायका किती आहेत बघा, आणि त्या बोलतात की चहा देतात. दलित वस्तीतलं कोणी कमिटीवर आहे का. ऊसतोड कामगार आणि कारखान्याला ऊस घालणारा बागायतदार एकाच शाखेत असतील तर वाद कसा मिटतो, एकदा विचारा. चिकोडी-अथणीकडे हा प्रश्न रोज असतो.

बाहेर पडायचं असेल तर कसं, तेही. लेखी द्या, प्रत ठेवा.

फॉर्म. कन्नडमध्ये असेल तर कोणाकडून तरी ओळ न् ओळ वाचून घ्या, मगच सही. मराठीत भरला तर चालेल का विचारा. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे. फोटो दोन. दरवर्षी नूतनीकरण असतं, आठवण तुम्हीच ठेवायची. पावती तिथल्या तिथे मागा, "पुढच्या मीटिंगला देतो" म्हणाले तरी. माझी पहिल्या वर्षाची अजून यायची आहे.