कॉलेजची ॲथलेटिक्स टीम दरवर्षी झोनललाच अडकते? मग या चुका टाळा

झोनल, म्हणजे कॉलेजांची विभागीय स्पर्धा, संपली की बऱ्याच कॉलेजच्या जिमखान्यात एकच वाक्य ऐकू येतं, यंदा पोरांच्यात दम नव्हता. मला हे अजिबात पटत नाही. साताऱ्यातल्या माण या दुष्काळी तालुक्यातली ललिता बाबर 2016 ला रिओत 3000 मीटर स्टीपलचेसची फायनल पळून दहावी आली. आपल्याकडं दम भरपूर आहे, तो वाया कसा जातो ते बघा.

नोटीस लागल्यावर सीझन चालू करणे

सगळ्यात मोठी चूक हीच. जून ते ऑगस्ट "पाऊस उघडू दे, मग बघू" म्हणण्यात जातात. मग झोनलची तारीख येते, हातात तीन-चार आठवडे उरतात, आणि सरांना एकदम घाई सुटते, रोज सकाळी ट्रायल, रोज घड्याळ, कालच्यापेक्षा टाईम कमी आला नाही की ओरडा.

इथल्याच, कोल्हापूरच्या एका कॉलेजची 800 मीटरची पोरगी मी बघितलीय, पहाटेच्या एसटीनं गावाकडनं यायची, पळणं असं की बघत राहावं. तिला महिनाभर डांबरी रस्त्यावर फुल्ल जोरात पळवली. दुसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागली तर सांगितलं तेल लाव, पट्टी बांध, सवय होईल. झोनलला दुसऱ्या लॅपच्या वळणावर ती थांबली ती थांबलीच, पाय टेकवेना. नंतर कळलं हाडाला बारीक चीर होती. पुढच्या वर्षी तिनं ॲथलेटिक्सला नाव दिलं नाही आणि तिला कोण बोलवायलाही गेलं नाही, याचा मला आजही राग येतो.

माझी पद्धत साधी आहे. पावसात ग्राउंडवर चिखल असला तर पॅव्हेलियनच्या पायऱ्या, दोरीउड्या, हॉलमध्ये ड्रिल आणि वजनं. थोडी उघडीप मिळाली की रंकाळ्याच्या बाजूनं हळू पळणं, इतकं हळू की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. जोराचं काम आठवड्यातनं दोनच दिवस. आणि कोण नडगी म्हणालं की मी स्वतः अंगठा दाबून बघतो. आतल्या कडेनं चार बोटं लांब पट्टा दुखत असेल तर पळणं कमी करून मऊ मातीवर आणायचं. एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर त्या दिवसापासून पळणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडं. सुरुवातीला एक्सरेत चीर दिसत नाही बऱ्याचदा, त्यामुळं एक्सरे चांगला आला म्हणून लगेच पळवू नका.

चार फास्ट पोरं म्हणजे रिले नव्हे

चौघं आपापल्या शंभरला भारी, म्हणून 4x100 आपलीच, हा हिशोब दरवर्षी कोण ना कोण करतंय. एका टीमला मी असं हरताना बघितलंय की पोटात खड्डा पडला. तिघं पुढं होते, तिसऱ्यानं वळण सुंदर काढलं, पण चौथा आरडाओरडा ऐकून आधीच सुटला, मग भानावर येऊन मागं बघत जवळजवळ थांबला, बॅटन हातात आलं ते बॅटन द्यायच्या-घ्यायच्या पट्ट्याच्या, म्हणजे झोनच्या रेषेपलीकडं. पंचानं पिवळा झेंडा वर केला, खेळ खल्लास. त्या पोरांनी बॅटन पहिल्यांदा हातात घेतलं होतं आदल्या दिवशी संध्याकाळी, तेही उभ्या उभ्या.

आता झोन 30 मीटरचा आहे, पूर्वीसारखा 20 चा नाही, जागा मुबलक आहे. पहिल्याच्या उजव्या हातात बॅटन, दुसऱ्याच्या डाव्या, तिसऱ्याच्या उजव्या, चौथ्याच्या डाव्या, मध्ये हात बदलायचा नाही. झोनच्या मागं खूण करायची, सिंथेटिकवर टेप, मातीवर फक्की. मी 20 बुटांच्या अंतरापासून सुरू करतो. येणारा खुणेवर आला की जाणाऱ्यानं फुल्ल सुटायचं, मागं वळून बघणं बंद, आवाज आला की हात मागं आणि तो हलवायचा नाही. येणारा अंगावर आदळत असेल तर खूण लांब न्या, पोचतच नसेल तर जवळ आणा. आणि माझ्याकडं रोजच्या वॉर्मअपचं जॉगिंग चौघांच्या रांगेत बॅटन देत-घेतच होतं, जूनपासून. चौघं प्रत्येकी 11.5 चे असतील तर बेरीज 46 होते, पण चेंज चांगले बसले की तीच टीम 44 च्या आसपास येते. हे दोन सेकंद फुकट मिळतात आणि तरी लोक शॉर्टकट शोधतात.

शिट्टी ऐकून घड्याळ दाबणे

शंभर मीटरवरनं आवाज यायला साधारण 0.3 सेकंद लागतात. फिनिशला उभं राहून शिट्टीवर घड्याळ चालू केलं की पोरगं कागदावर 11.2 चं होतंय, मग सिंथेटिकवर इलेक्ट्रॉनिक टायमिंगला 11.7 आलं की बिचारं खचतंय. स्टार्टरला हात खाली करायला सांगा आणि हात बघून दाबा.

पैलवान आहे म्हणून गोळा देऊ नका, ताकद आहे पण ग्लाइड, म्हणजे गोळा फेकायच्या आधी वर्तुळात मागं सरकत येणं, शिकायला महिने लागतात.

एन्ट्री कमी आहेत म्हणून हर्डल्सला कुणालाही उभं करू नका, दात पडतात.

नवीन स्पाइक्स स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. सिंथेटिकवर 9 मिमीपेक्षा लांब पिना चालत नाहीत, उंच उडी आणि भाला सोडून.

मेडिकलमधली कुठलीही पावडर आणि सर्दीची गोळी विचारल्याशिवाय नको. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणावर गेलं की बंदीत येतंय, आणि नाडाची (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची) टेस्ट लागली तर जबाबदारी खेळाडूचीच.

भरतीची पोरं आली की तोंड वाकडं करणारे सर लय आहेत. पोलीस भरतीला मुलांच्या 1600 मीटरला 20, शंभरला 15 आणि गोळ्याला 15 मार्क आहेत, म्हणजे ती पोरं तुमच्याच इव्हेंटची तयारी करतात आणि वर्षभर न चुकता पहाटे ग्राउंडवर असतात. त्यांना 1500 आणि 800 साठी घ्या, त्यांच्या भरतीच्या तारखा आधी विचारा, त्या आठवड्यात स्पर्धेचा हट्ट धरू नका. मी ज्या टीम वर येताना बघितल्या त्यातली निम्मी पोरं हीच होती.

शेवटचं, जिमखान्याच्या खोलीची चावी. भाला, ब्लॉक, गोळा सगळं आत आणि चावी शिपाईमामांकडं, ते येणार साडेदहाला, पोरं येणार सहाला. फिजिकल डायरेक्टर सरांना एक अर्ज द्या, एका विश्वासू सीनिअरच्या नावानं दुसरी चावी काढून घ्या, आणि सामान नेल्या-आणल्याची वही खोलीत लटकवून ठेवा.