हॅदरसेजच्या कुरणांत, जंगलात आणि मूरवर पळताना या चुका टाळा

नोकरी किंवा शिक्षणासाठी शेफील्ड-मँचेस्टरला आलेली आपली मंडळी आधी पार्कात आणि कालव्याकाठी पळतात. मग कुणीतरी हॅदरसेजचं नाव काढतं. डर्बीशायरमधली ही एक पॅरिश, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीएवढा कारभार. पण तिच्या हद्दीत आणि हद्दीला लागून मेंढ्यांची कुरणं आहेत, ओकचं जुनं जंगल आहे आणि वर उघडा, वाऱ्याचा मूर, म्हणजे झाडं नसलेला पाणथळ माथा. शिवाय मँचेस्टर-शेफील्ड रेल्वे थेट गावात थांबते, त्यामुळे गाडी लागत नाही.

लोकांच्या आवडीची एक वाट अशी: हॅदरसेजला उतरायचं, नॉर्थ लीजकडून स्टॅनेजच्या कड्यावर चढायचं, कड्याकड्याने अप्पर बर्बिज ब्रिजपर्यंत पळायचं, तिथून बर्बिजच्या खोऱ्यातून लाँगशॉकडे आणि पॅडली गॉर्जच्या झाडीतून उतरून ग्रिंडलफर्डला परतीची गाडी. साधारण १५ किलोमीटर. उलटं पळणारेही आहेत, पण इथला वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. सांगितलेल्या दिशेने गेलात तर तो कड्यावर उजव्या खांद्यावर किंवा पाठीवर येतो. उलट दिशेला तोंडावर.

या वाटेवरच्या जवळजवळ सगळ्या चुकांचं मूळ एकच. पायाखालची जमीन तीनदा बदलते आणि माणूस डोक्यात तोच डांबरी रस्ता घेऊन पळत राहतो.

वेळ किलोमीटरवरून काढणे

"१५ किलोमीटर म्हणजे दीड तास" हा हिशोब स्टेशनबाहेरच सोडून द्या. गावातून कड्यापर्यंतचा चढ सुमारे ३०० मीटर आहे. चालणाऱ्यांसाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम अजून चालतो: ताशी ५ किलोमीटर, वर दर ६०० मीटर चढाला एक तास. पळणाऱ्यांनी दर १०० मीटर चढाला सपाटीचे ८०० मीटर धरावेत. म्हणजे १५ चे झाले साडेसतरा, आणि यात चिखल, फाटकं, ओली मुळं, नकाशा बघायला थांबणं काहीच धरलेलं नाही. पहिल्या खेपेला अडीच तास धरलेत तर चुकणार नाही. सिंहगडावर नियमित पळणाऱ्यालाही मी हेच सांगेन. तिथे चढ जास्त, पण पाऊल कुठे पडणार हे माहीत असतं.

हिवाळ्यात हा हिशोब चुकला की महागात पडतं. डिसेंबरच्या अखेरीस इथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. दोन वाजता निघालेला माणूस पॅडलीच्या झाडीत शिरतो तेव्हा काळोख झालेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेडलॅम्प सॅकमध्ये असायलाच हवा, सकाळी निघालात तरी.

नकाशावरच्या सगळ्या रेघा सारख्या समजणे

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेच्या १:२५,००० एक्सप्लोरर नकाशावर हिरवी तुटक रेघ म्हणजे तिथून जायचा कायदेशीर हक्क. जमिनीवर वाट दिसेलच असं नाही. काळी तुटक रेघ याच्या उलट: वाट आहे, हक्क असेलच असं नाही. ही एक गोष्ट कळली की निम्मे घोटाळे संपतात. आखूड हिरव्या तुकड्यांची रेघ पायवाटेची, लांब तुकड्यांची ब्रायडलवेची, जिथून घोडे आणि सायकलीही जातात. प्रत्यक्ष खांबांवर पायवाटेला पिवळा बाण, ब्रायडलवेला निळा.

मूरचा बराच भाग नकाशावर फिकट पिवळा रंगवलेला असतो. ती २००० सालच्या कायद्याने खुली झालेली जमीन. तिथे वाट सोडूनही पायी फिरता, पळता येतं. कुरणात ही मुभा नाही. तिथे हक्काच्या रेघेवरच राहायचं. (हे इंग्लंडचं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि बराच उदार आहे.)

घड्याळात कुणाचा तरी ट्रॅक टाकून निघणं ही याच चुकीची नवी आवृत्ती. तो माणूस कुठल्या महिन्यात पळाला, कुणाच्या खाजगी कुरणातून गेला, हे ट्रॅक सांगत नाही. ट्रॅक वापरा, पण आधी रात्री बसून तो नकाशावर ताडून बघा. स्टॅनेजसाठी ओएल १ क्रमांकाचा नकाशा, पॅडली-लाँगशॉसाठी ओएल २४. कागदी नकाशा जवळ असू द्या. पावसात फोनची ओली काच बोटाला दाद देत नाही, आणि थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

कुरणात आपल्या शेताचे नियम लावणे

उभं पीक दिसलं की आपण बांधावरून जातो. तो आपल्या हाडात भिनलेला संस्कार आहे, पण इंग्लंडात तो चुकतो. हक्काची वाट पिकाच्या मधून असेल तर मधूनच, एकामागे एक जायचं. शेताच्या कडेने जायचा हक्क तुम्हाला नसतो. नांगरल्यावर वाट पुन्हा मोकळी करून देणं हे शेतकऱ्याचं काम आहे. हॅदरसेजभोवती बहुतेक कुरणंच असल्यामुळे हा प्रसंग क्वचित येतो. इथला खरा प्रश्न गाईंचा.

गाय दिसली की आपल्याला भीती वाटत नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. इथल्या गाई माणसांच्या गर्दीत वाढलेल्या नसतात. बरोबर वासरू असलं की त्या अंगावर येतात. पळणं थांबवा, चाला. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. कळप वाटेवरच उभा असेल तर लांबून वळसा घाला, तेवढ्यापुरती वाट सोडली तर चालते. बरोबर कुत्रा असेल आणि गाई अंगावर आल्या तर त्याचा पट्टा सोडून द्या. तो पळून वाचतो, तुम्हीही वाचता. एरवी मेंढ्यांजवळ कुत्रा बांधलेलाच हवा. खुल्या जमिनीवर तर १ मार्च ते ३१ जुलै दोन मीटरच्या आतला पट्टा सक्तीचा आहे, कारण पक्षी जमिनीवर घरटी करतात.

कुरणांच्या हद्दींना कोकणातल्या गडग्यांसारख्या चुन्याविना रचलेल्या दगडी भिंती आहेत. त्यांवर चढू नका, एक दगड निसटला की हातभर भिंत खाली येते. पुढेमागे कुठेतरी पायऱ्या, अरुंद फट किंवा फाटक असतंच. फाटक जसं सापडलं तसंच ठेवा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. पुष्कळ जण भलेपणाने उघडं फाटक लावतात आणि मेंढ्यांचं पाणी तोडतात.

झाडीत घड्याळावर विसंबणे

दरीत आणि दाट झाडीखाली जीपीएस भरकटतं, त्यामुळे पॅडलीत ओढ्याची बाजू धरून राहा. शरद ऋतूत पडलेल्या पानांखाली ओली मुळं आणि दगड लपतात, उतारावर पावलं आखूड टाका. जुलै ते सप्टेंबर ब्रॅकन नावाचा नेचा छातीपर्यंत वाढतो आणि अरुंद वाटा गिळतो. त्यात घुसून पुढे रेटण्यापेक्षा शेवटच्या स्पष्ट वाटेवर परत या. ब्रॅकनमधून गेलात तर घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, कमरेला गोचीड शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरणारा लाल डाग दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरला गोचिडीचं आवर्जून सांगा. गोचिडीमुळे होणारा लाइम आजार वेळेत ओळखला तर औषधाने बरा होतो.

मूरवर हिरवं ते चांगलं समजणे

सह्याद्रीत वर गेलं की कातळ लागतो आणि पाणी खाली वाहून जातं. इथे माथाच पाणथळ. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा पीट पाणी धरून बसतो. चकचकीत हिरवा, मऊ दिसणारा शेवाळी पट्टा सर्वांत ओला. त्यात पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि बूट आतच राहतो. पांढरे कापसासारखे तुरे डोलत असतील तर तेही दलदलीचं लक्षण. जांभळं-तपकिरी हेदरचं झुडूप बहुधा त्यापेक्षा कोरड्या जागी असतं. बुटांना खोल दाते हवेत, आणि नाड्या घट्ट.

धुकं आलं तर? स्टॅनेजवर लोक कड्याच्या भीतीने डावीकडे सरकत जातात आणि सपाट, खुणा नसलेल्या मूरमध्ये हरवतात. थांबा, जॅकेट चढवा, मगच होकायंत्र काढा. बर्बिजकडे जाताना कडा उजव्या हाताला असला पाहिजे. काठापासून सुरक्षित अंतर ठेवून मळलेली वाट धरा आणि चालत जा. तो कडा काही ठिकाणी वीसेक मीटर सरळ खाली आहे, तिथे पळण्यात शहाणपण नाही.

थंडीचा अंदाजही गावात उभं राहून चुकतो. कड्यावर तापमान दोनच अंशांनी कमी असतं, पण घामाने भिजलेल्या अंगावर वारा लागला की दहा मिनिटांत बोटं झिप ओढेनाशी होतात. म्हणून हातमोजे, टोपी आणि खरोखरचं वॉटरप्रूफ जॅकेट उन्हाळ्यातही घ्या. वजन वाचवायचंच असेल तर दुसऱ्या कशात वाचवा.

मदत चुकीच्या ठिकाणी मागणे

पाय मुरगळला आणि चालवत नसेल तर ९९९ फिरवा, आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. नुसती ॲम्ब्युलन्स मागितलीत तर निरोप फिरून येण्यात वेळ जातो. या भागात येतं ते ईडेलचं पथक, सगळे स्वयंसेवक, आणि ते पैसे घेत नाहीत. त्यांना ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरचा तुमच्या जागेचा संकेत, द्या: एसके ही अक्षरं आणि सहा आकडे. ओएस लोकेट हे ॲप नेटवर्क नसतानाही तो दाखवतं. बोलण्याइतकी रेंज नसली तरी मेसेज कधीकधी जातो, पण त्यासाठी नंबर आधी नोंदवलेला लागतो: इंग्रजीत 'रजिस्टर' एवढाच शब्द ९९९ ला पाठवायचा आणि आलेल्या उत्तराला 'येस' म्हणायचं. फोन मेलाच तर शिट्टी: मिनिटाला सहा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. पलीकडून उत्तरादाखल तीन ऐकू आल्या तरी थांबू नका, शोधणारे आवाजावरच येतात.