मळ्यावर हुरड्याला जाताय? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारी आला की सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या मळ्यांवरून बोलावणी येऊ लागतात, "रविवारी हुरड्याला या." हुरडा म्हणजे ज्वारीच्या कोवळ्या कणसांचे भाजलेले दाणे. सिन्नरजवळ आमच्या मामांच्या मळ्यावर दरवर्षी आगटी, म्हणजे कणसं भाजायचा गोवऱ्यांचा विस्तव, पेटते. तिथं मी पाहुणा म्हणून गेलोय आणि यजमानांच्या बाजूनं राखेत हातही काळे केलेत. त्यामुळे चुका दोन्हीकडून पाहिल्या आहेत.

सगळ्यात मोठी चूक उशिराची. दहाला बोलावलं असताना वाटेत मिसळ खाऊन साडेअकराला पोचायचं, हे आपल्या नाशिककरांकडून फार होतं. पोट भरलेलं असतं ते वेगळंच, पण तिकडे गोवऱ्यांचा जाळ बसून निखारा झालेला असतो. कणसं भाजायची वेळ तीच. निखारा विझत आला की पुन्हा गोवऱ्या घालाव्या लागतात आणि धूर निवेपर्यंत सगळेच थांबतात. शिवाय दाणा चिकात असतो तेव्हाच हुरडा गोड लागतो. तोडून ठेवलेली कणसं सुकत जातात. उशीर होणारच असेल तर फोन करून सांगा, "आमच्या वाटची कणसं आत्ता तोडू नका, आल्यावर तोडू."

न सांगता जास्तीची माणसं नेऊ नका. हुरड्याला तोडलेलं प्रत्येक कणीस म्हणजे त्या घरची पुढची भाकरी. ती ते आनंदानं देतात, म्हणून आकडा आधी कळवणं आपलं काम.

आगटीपाशी

हुरडा ताटलीत साठवून गप्पा मारत बसू नका. निवला की दाणा चिवट होतो. हातात पडला की चटणीबरोबर, गुळाबरोबर लगेच तोंडात टाका. लहान मुलांना देताना मात्र फुंकर मारून कोंडा नीट उडवा. कूस, म्हणजे कणसाचं बारीक टोचरं तूस, घशात अडकली की पोर खोकून बेजार होतं. कागदी ताटं, प्लास्टिकचे पेले आगटीत टाकू नका. त्याच निखाऱ्यात पुढची कणसं जाणार असतात.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. मामी सकाळपासून आगटीजवळ वाकलेली असते. भाजलेलं गरम कणीस तळहातावर चोळायचं, पाखडायचं, वाढायचं. तिच्या हाताला चटके बसतात आणि पाहुणे "अजून आण" म्हणत राहतात. शेवटी तिच्या वाट्याला करपलेली दोन कणसं उरतात. एका वर्षी हे लक्षात आलं आणि मला फार लाज वाटली. तेव्हापासून पहिला घास खाल्ला की मी उठतो: "मामी, तुम्ही बसा, आता मी चोळतो." चोळायला येत नसेल तर जाड फडक्यात कणीस धरून हळूहळू चोळा, दाणे सुटतात. सुरुवातीला निम्मे सांडतील, सांडू द्या. पण तिला गरम हुरडा मिळालाच पाहिजे. नंतरच्या भरीत-भाकरीलाही हेच: आधी तिला पंगतीत बसवा.

शेजारी द्राक्षबाग असेल तर

घड हाताळू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. मण्यावर दिसणारी पांढुरकी झाक म्हणजे फळाचा स्वतःचा मेणासारखा थर असतो. बोट लागलं की तो पुसतो आणि मालाचा भाव पडू शकतो. तोडून खाणं तर नकोच. फवारणी झाल्यावर ठरावीक दिवस जावे लागतात आणि ते किती झालेत हे फक्त बागवाल्याला ठाऊक असतं. गाडीही दाखवतील तिथंच लावा. ठिबकच्या नळीवरून चाक गेलं तर नळी फाटते आणि पुढच्या झाडांचं पाणी तुटतं.

निघताना मामी पिशवीत मेथी, कांदे, थोडी बोरं भरून देते. वानवळ्याला "नको, नको" करून तिला ताटकळत ठेवू नका, घ्या. आणि ती पिशवी पुढच्या भेटीत रिकामी परत करू नका.