कोकणातून जैसलमेरला जाताय? मग तिकडचं पाणी बघून या

आपल्याकडचे बहुतेक जण जैसलमेरला जातात, जवळच्या सम गावच्या वाळूत उंटावर बसतात, फोटो काढतात आणि परत येतात. ते करा, मजा येते, पण रत्नागिरी-चिपळूणकडच्या माणसाने तिथे खरं बघायचं ते पाणी. आपल्याकडे वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस आणि तरी मे महिन्यात वाडीवर टँकर, तिकडे 200 मिमी पण धड पडत नाही तरी लोकं शेकडो वर्षं राहिलीत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. मरुसागर एक्सप्रेस रत्नागिरीवरून थेट अजमेरला जाते पण आठवड्यातून एकदाच, पुढे जोधपूरमार्गे जैसलमेर. तिकीट लवकर काढा.

किल्ला सकाळी बघून घ्या, 1156 चा आहे आणि आत अजून लोकं राहतात. मग गडीसर तलाव. बोटीत बसायच्या आधी जरा काठाने चाला आणि पावसाचं पाणी कुठल्या बाजूने उतरून आत येतं ते बघा, गावाने पिढ्यान् पिढ्या हेच पाणी प्यायलंय. जिथून पाणी वाहून येतं त्या जमिनीला तिकडे आगोर म्हणतात. खेड्यात आगोरावर चपला घालून जाऊ नका, पाणी पिण्याचं असतं.

कुलधरा या जैसलमेरजवळच्या ओसाड गावात गाडीवाला भुताच्या गोष्टी सांगेल, त्याला सांगा आम्हाला खडीन दाखव. हे तिथे पूर्वी राहणाऱ्या पालीवाल ब्राह्मणांचं डोकं, 15व्या शतकापासूनचं. खडकाळ उतारावरचं पाणी खाली सखल जागी येतं, तिथे मातीचा लांब बांध घालून ते अडवायचं, हळूहळू मुरू द्यायचं आणि पाणी ओसरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, वरून पाऊस नाही की काही नाही तरी पीक येतं!! माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधली ही सगळ्यात भारी गोष्ट, अर्धा दिवस द्या.

बेरी पण विचारून बघा. अरुंद तोंडाची विहीर असते. वाळूत मुरलेलं गोडं पाणी खालच्या जिप्समच्या थरावर अडतं, म्हणून त्याखालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, आणि ते बेरीत झिरपत झिरपत जमतं. तोंड लहान म्हणून वाफ कमी.

हवा एकदम कोरडी, घाम दिसत नाही म्हणून तहान कळत नाही, पाणी पीत रहा. ओठांना खोबरेल तेल. डिसेंबरात रात्री कडाक्याची थंडी, आपल्याकडचा पातळ स्वेटर पुरणार नाही.

आणि घरी येऊन लगेच खडीन बांधायला घेऊ नका, आपल्या जांभ्यातून पाणी झिरपून जातं. तिकडच्या टाक्याची, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या जमिनीखालच्या टाकीची पद्धत मात्र जमेल, पहिल्या पावसाचं छपरावरचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं गाळून टाकीत घ्यायचं, झाकण घट्ट लावायचं आणि आत ऊन अजिबात जाऊ द्यायचं नाही. पागोळ्यांना पन्हाळी मे संपायच्या आत लावून घ्या.