डीकलेक्टवरून गटवार रिपोर्ट काढताय? या चुका टाळा

मेनफ्रेमच्या स्टोरेज टीममध्ये नवीन माणूस आला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात हे काम पडतं: आयडीकॅम्स युटिलिटीचं डीकलेक्ट (डेटासेटची, म्हणजे फाइलींची, आणि व्हॉल्यूमची, म्हणजे डिस्कची, माहिती गोळा करणारी कमांड) चालव, डीएफसॉर्ट या सॉर्ट प्रोग्रामने स्टोरेज ग्रुपप्रमाणे, म्हणजे व्हॉल्यूमच्या गटाप्रमाणे, बेरीज कर आणि रिपोर्ट पाठव. काम किरकोळ वाटतं. टीममधल्या कुणाच्या तरी लायब्ररीतलं जुनं सॉर्ट कार्ड (डीएफसॉर्टला द्यायच्या सूचना) उचलायचं, डेटासेटचं नाव बदलायचं, सबमिट. रिटर्न कोड शून्य आला की रिपोर्ट मेलवर. मग तो रिपोर्ट माझ्याकडे येतो आणि मी कपाळाला हात लावते. गेली कित्येक वर्षं चुका त्याच आहेत, माणसं तेवढी बदलतात.

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगते.

डीकलेक्टच्या डी रेकॉर्डमध्ये डेटासेटला दिलेली जागा केबीमध्ये असते, चार बाइटच्या बायनरी फील्डमध्ये. चार बाइटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९४,९६७,२९५. एवढे केबी म्हणजे चार टीबी. एका डेटासेटसाठी हे फील्ड भरपूर मोठं आहे, पण सम फील्ड्स ही बेरजेची सूचना लिहिल्यावर डीएफसॉर्ट बेरीजही त्याच चार बाइटमध्ये ठेवतं. गटाची बेरीज चार टीबीच्या पुढे जायला लागली की डीएफसॉर्ट ते दोन रेकॉर्ड जसेच्या तसे सोडून देतं. बेरीज नाही, रेकॉर्डही उडवत नाही. परिणामी एकाच स्टोरेज ग्रुपच्या दोन-तीन ओळी आउटपुटमध्ये येतात. आयसीई१५२आय हा ओव्हरफ्लोचा मेसेज सिसआउटमध्ये, म्हणजे जॉबच्या मेसेजच्या यादीत, पडतो, पण कुणी मुद्दाम बदललं नसेल तर रिटर्न कोड शून्यच राहतो.

आमच्या एका परदेशी ग्राहकाच्या प्रॉडक्शन ग्रुपची क्षमता सात टीबी होती. दर सोमवारी रिपोर्ट निघायचा, तिथून एक्सेलमध्ये जायचा, आणि एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावून ग्रुपच्या नावासमोरचा आकडा एका सुंदर रंगीत तक्त्यात यायचा. ग्रुप चार टीबीच्या खाली होता तोवर सगळं छान. मग एका तिमाहीत डेटा वाढला आणि त्या ग्रुपच्या दोन ओळी यायला लागल्या: एक ३.६ टीबीची, दुसरी २.८ टीबीची. व्हीलुकअप पहिली ओळ सापडली की थांबतं. तक्ता म्हणाला, सातपैकी ३.६ वापरात, म्हणजे अर्धा ग्रुप मोकळा. हिरवा रंग. खरा वापर ६.४, म्हणजे ९१ टक्के. डिस्कची मागणी पुढच्या तिमाहीवर ढकलली गेली. महिनाअखेरच्या रात्री दोनच्या सुमारास बॅच कोसळली. जॉबलॉगमध्ये आयजीडी१७२७२आय: जागा अपुरी, व्हॉल्यूम निवडता आला नाही. एकामागोमाग एक जॉब पडत होते आणि कॉलवरचा मॅनेजर तोच हिरवा तक्ता स्क्रीनवर धरून विचारत होता की जागा आहे तर अडलंय कुठे. मी पुण्यात घरी, मांडीवर लॅपटॉप, समोर गार झालेला चहा. सिसआउट उघडलं आणि आयसीई१५२आय दिसला. मागच्या आठवड्याच्या सिसआउटमध्ये तोच. त्याच्या मागच्या आठवड्यातही तोच. सहा आठवडे सॉर्ट ओरडत होतं, पण शून्य रिटर्न कोड बघून सिसआउट कुणी उघडलंच नव्हतं.

उपाय दोन ओळींचा आहे. इनरेकमध्येच (सॉर्टच्या आधी रेकॉर्ड बदलणारी सूचना) ते फील्ड आठ बाइटचं करून घ्या आणि बेरीज त्याच्यावर करा. आणि ऑप्शनमध्ये ओव्हीएफएलओ आरसी१६ लिहा, म्हणजे ओव्हरफ्लो झालाच तर जॉब तिथेच पडेल. मी तर आता सम वापरतच नाही. आउटफिल या आउटपुटच्या सूचनेत सेक्शन्स (गट पाडायला), त्यात ट्रेलर३ (गटाच्या शेवटी बेरजेची ओळ), वर नोडिटेल (बाकीच्या ओळी नकोत). बेरीज छापील रिपोर्टमध्येच येते आणि एका गटाची एकच ओळ राहते. कुणी म्हणेल सम जास्त वेगवान आहे. असेल. त्या रात्रीनंतर मला वेगाचं कौतुक राहिलेलं नाही.

सेक्शन्स वापरताना मात्र आधी त्याच किल्लीवर, म्हणजे गट पाडायच्या फील्डवर, सॉर्ट करा. किल्ली बदलली की सेक्शन तुटतो, एवढंच त्याला कळतं. ऑप्शन कॉपी ठेवून, म्हणजे सॉर्ट न करताच, सेक्शन्स लावणारे दर वर्षी एक-दोन भेटतात, आणि "एकच ग्रुप चाळीस वेळा का येतोय, मॅडम?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

सम फील्ड्स बरोबर नन लिहिलं की बेरीज होत नाही, डुप्लिकेट उडतात. यावर आणखी काय सांगणार.

रेकॉर्डचा प्रकार आधी गाळा. डीकलेक्टच्या एकाच फाइलमध्ये डेटासेटचे डी, व्हीसॅम या डेटासेटच्या प्रकारातल्या जोडणीचे ए, व्हॉल्यूमचे व्ही, मायग्रेट झालेल्यांचे (दुसरीकडे हलवलेल्यांचे) एम, बॅकअपचे बी असे वेगवेगळे रेकॉर्ड असतात आणि प्रत्येकाचा नकाशा वेगळा. पाचव्या जागेवर दोन अक्षरांत प्रकार असतो. इन्क्लूड न लावता बेरीज केली तर व्हॉल्यूमच्या रेकॉर्डमधले भलतेच बाइट जागा म्हणून मोजले जातात. आकडा येतो, आणि बऱ्यापैकी खराही वाटतो, हेच वाईट. जागा मोजतानाची गंमतही लक्षात असू द्या: मॅन्युअलमध्ये ऑफसेट शून्यापासून आणि आरडीडब्ल्यूचे (रेकॉर्डच्या सुरुवातीची लांबीची नोंद) चार बाइट धरून असतात, डीएफसॉर्ट एकपासून मोजतं. मॅन्युअलमध्ये डेटासेटचं नाव २४ वर, तुमच्या कार्डात २५ वर. २४ लिहिणारे असतात, आरडीडब्ल्यू दुसऱ्यांदा मिळवून २९ लिहिणारेही असतात. या रेकॉर्डचा नकाशा देणारा आयडीसीडीआउट मॅक्रो एकदा उघडून बघा, दहा मिनिटं लागतात.

आता माझी दुसरी खास चीड: टक्क्यांची सरासरी. व्ही रेकॉर्डमध्ये व्हॉल्यूमवर किती टक्के जागा मोकळी आहे ते आयतं मिळतं, आणि आयतं मिळालं की लोक ते वापरतातच. ग्रुपमधल्या सगळ्या व्हॉल्यूमच्या टक्क्यांची सरासरी काढतात आणि "ग्रुप ४७ टक्के मोकळा" असं लिहून देतात. दोनच व्हॉल्यूम घ्या. एक जुना मॉड-३, ३,३३९ सिलिंडरचा (सिलिंडर हे डिस्कच्या जागेचं माप), ९० टक्के मोकळा. दुसरा मॉड-५४, ६५,५२० सिलिंडरचा, फक्त ५ टक्के मोकळा. सरासरी येते साडेसत्तेचाळीस. खरी मोकळी जागा? पहिल्यावर सुमारे ३,००५ सिलिंडर, दुसऱ्यावर ३,२७६, एकूण ६८,८५९ पैकी ६,२८१. म्हणजे नऊ टक्के! मोकळी जागा वेगळी बेरजा, क्षमता वेगळी बेरजा, भागाकार शेवटी एकदाच. ही पाचवी-सहावीची गोष्ट आहे, पण डीएफसॉर्टच्या आइसटूल या साधनात ॲव्हरेज हा शब्द दिसला की हात शिवशिवतात.

त्यात मोठे व्हॉल्यूम आले की आणखी एक खड्डा. २००८ मध्ये झेड-ओएस १.१० या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर ईएव्ही हे वाढीव व्हॉल्यूम आले, ६५,५२० सिलिंडरच्या पलीकडची जागा असलेले. अशा व्हॉल्यूमच्या व्ही रेकॉर्डमध्ये सिलिंडर-मॅनेज्ड असल्याची खूण चालू असते आणि जागेचे आकडे केबीऐवजी एमबीमध्ये येतात. ती खूण न बघता सगळं एकत्र बेरजेत टाकलं तर तुमचा सगळ्यात मोठा व्हॉल्यूम हजारपटीने लहान दिसतो. खूण बघून एमबीवाल्यांना १०२४ ने गुणा, मगच गट करा.

जीबी मात्र शेवटी करा. प्रत्येक डेटासेटचे आधी जीबी केले आणि मग बेरीज घेतली, तर डीएफसॉर्टच्या पूर्णांकी भागाकारात एक जीबीच्या आतला प्रत्येक डेटासेट शून्य होतो. पन्नास एमबीचे वीस हजार डेटासेट असले तर साधारण ९७६ जीबी हवेत विरतात. एका नवीन मुलाने हा रिपोर्ट दाखवून "टेस्टचा ग्रुप रिकामाच आहे, काढून टाकूया" असं सुचवलं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

हाय लेव्हल क्वालिफायरप्रमाणे (डेटासेटच्या नावातला पहिल्या टिंबाआधीचा भाग) गट करताना नावाचे पहिले आठ बाइट घेऊ नका. क्वालिफायर तीन अक्षरांचा असेल तर त्यापुढचं टिंब आणि पुढच्या नावाची चार अक्षरं किल्लीत शिरतात आणि एका ॲप्लिकेशनचे दहा तुकडे होतात. पार्स लावून टिंबाच्या आधी थांबा.

मल्टी-व्हॉल्यूम डेटासेटचा प्रत्येक व्हॉल्यूमवर वेगळा डी रेकॉर्ड असतो. जागेची बेरीज बरोबर येते, पण रेकॉर्ड मोजून "इतके डेटासेट" म्हणालात तर फसलात. व्हीसॅमचे डेटा आणि इंडेक्सही वेगवेगळे येतात. क्लस्टरप्रमाणे, म्हणजे डेटा आणि इंडेक्स मिळून एक असं, मोजायचं तर ए रेकॉर्ड जोडायला लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला दुसरी वाट नाही.

एचएसएम या स्टोरेज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने मायग्रेट केलेला डेटा एम रेकॉर्डमध्ये असतो आणि तो डी बरोबर एकाच बेरजेत टाकायचा नसतो. मायग्रेट होताना डेटा आक्रसू शकतो. रिकॉल झाला, म्हणजे परत आणला, की प्रायमरी डिस्कवर त्याहून जास्त जागा मागेल. दोन कॉलम, वेगवेगळे.

माझी सवय सांगते. रिपोर्ट पाठवण्याआधी डी रेकॉर्डवरून आलेली प्रत्येक ग्रुपची बेरीज आणि व्ही रेकॉर्डवरून आलेली दिलेली जागा शेजारी शेजारी ठेवून बघते. तंतोतंत जुळत नाहीत, पण जवळपास हव्यात. दुप्पट-निम्मा फरक असेल तर वरच्यापैकी काहीतरी झालेलं असतं. आणि सिसआउट वरपासून खालपर्यंत वाचते, रिटर्न कोड शून्य असला तरी.

रिपोर्टमध्ये सगळ्यात वर एक ओळ येते, जिच्यात ग्रुपचं नाव कोरं असतं. एसएमएसच्या, म्हणजे मेनफ्रेमच्या स्टोरेज सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, बाहेरच्या डेटासेटची बेरीज तिथे जमते. ती ओळ "कचरा" समजून एक्सेलमधून डिलीट करू नका. मागच्या महिन्यात एकाने केली, आणि ग्राहकाचा अर्धा टीबी दोन दिवस शोधत बसलो.